हंगाम संपताना परसबाग : बी धरणे आणि पाला जिरवणे

माळव्यात परसबागेचे वर्ष दोनदा संपते. पहिला शेवट आश्विन-कार्तिकात येतो. तेव्हा मांडवावरचे दोडके, घोसाळी (इकडची गिलकी), दुधी आणि काकडीचे वेल वाळू लागतात. दुसरा शेवट फाल्गुन-चैत्रातला. संक्रांतीनंतर दिवस मोठा होऊ लागतो, होळीपर्यंत दुपारचे ऊन चटके देऊ लागते आणि हिवाळाभर स्वयंपाकघराला पुरवठा करणारी मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, वाटाणा, पावटा, टोमॅटो ही सगळी मंडळी एकदमच म्हातारी होतात. मेथी कडवट लागते, कोथिंबिरीला बारीक फुले येतात, मुळ्यात जाळी पडते, कांद्याला डेंगळे येतात.

अशा वेळी बहुतेक घरी एकच गोष्ट होते. एखाद्या रविवारी सगळे उपटायचे, पोत्यात भरून कचरागाडीत द्यायचे किंवा कोपऱ्यात जाळायचे आणि जूनमध्ये बाजारातून नवी पाकिटे व खताची पिशवी आणायची. म्हणजे वर्षभराच्या मेहनतीतून जे दोन ऐवज उरतात, ते आपण बाहेर घालवतो आणि तेच पुन्हा विकत आणतो. त्यातला एक ऐवज बी आणि दुसरा पाला. हे दोन्ही घरात कसे ठेवावेत याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे. ती मुख्यतः इंदूर, देवास, उज्जैन, धार या भागातल्या काळ्या जमिनीला आणि हवेला धरून आहे. ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या वाचकांनी तिथल्या उन्हाच्या मानाने आठ-पंधरा दिवस पुढेमागे धरावेत.

घरचे बी का जपायचे

बाजारातल्या पाकिटातले बी चांगलेच असते, पण ते सगळ्या मुलखासाठी असते. घरच्या परसात दहा-वीस वर्षे दरसाल धरलेले बी तिथल्या मातीला, थंडीला आणि आपल्या जिभेला सरावलेले असते. आपल्या कितीतरी घरांत वाल, पावटा, लांब हिरवी वांगी, बुटकी मिरची यांचे बी कुणीतरी कोकणातून, देशावरून किंवा माहेरून आणलेले होते. त्याला पाकिटावरचे नाव नाही. ‘आजीचा पावटा’ एवढीच त्याची ओळख. असे वाण एका वर्षात जाऊ शकते.

आमच्या घरी तसे झाले. सासूबाईंच्या हातचा जांभळ्या कडेचा पावटा वर्षानुवर्षे कुंपणावर यायचा. एका वर्षी शेंगा इतक्या सुरेख आल्या की भोगीच्या भाजीपासून सुरुवात झाली आणि माघ संपेपर्यंत सगळा वेल आम्ही खाऊन संपवला. बी ठेवायचे काम ‘शेवटच्या शेंगांवर’ सोडले होते. शेवटच्या शेंगा आल्याच नाहीत, कारण त्या वर्षी ऊन लवकर तापले. आषाढात डबा उघडला तर तो रिकामा. नशिबाने बऱ्याच वर्षांपूर्वी सासूबाईंनी शेजारच्या लेकीला, ती देवासला सासरी गेली तेव्हा, मूठभर बी दिले होते. तिने ते टिकवले होते. तिच्याकडून ओंजळभर परत आले म्हणून आज आमच्या कुंपणावर तो वेल आहे. बी वाटले होते म्हणून वाचले, हे तेव्हा लक्षात आले.

बियांसाठी झाड निवडणे

सर्वांत मोठी चूक इथेच होते. चांगले ते आपण खातो आणि उरलेले, किडके, मागे राहिलेले बियांसाठी सोडतो. पालेभाजीत तर उलटीच निवड होते. जी मेथी सगळ्यांत आधी फुलावर आली ती खाण्याजोगी राहत नाही, म्हणून बियांसाठी ठेवली जाते. पुढच्या वर्षी तिची संतती आणखी लवकर फुलते आणि चार-पाच वर्षांत दोन खुडण्यांतच वाफा संपतो. म्हणून नियम असा :

पालेभाज्या आणि मुळा यांत सर्वांत उशिरा फुलावर येणारी, पाने भरपूर देणारी झाडे ठेवावीत.

फळभाज्यांत लवकर, भरपूर आणि चवीला चांगले फळ देणारे झाड ठेवावे. केवळ मोठे फळ पाहू नये, संपूर्ण झाड पाहावे.

निवड हंगामाच्या मध्यावर करावी आणि त्या झाडाला रंगीत चिंधी बांधावी. चिंधी दिसली की घरातले कुणी ती शेंग तोडणार नाही.

पाने आखडलेली (बोकड्या आलेली), पिवळ्या शिरांची किंवा ठिपके पडलेली झाडे बियांसाठी अजिबात ठेवू नयेत. काही रोग बियांतून पुढे जातात.

पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ असे लिहिले असेल, तर त्याचे बी धरण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत. ‘सरळ वाण’ किंवा ‘सुधारित वाण’ असेल तर बी धरता येते.

कोणते बी सोपे, कोणते अवघड

झाडाचे परागण कसे होते यावर हे ठरते. वाटाणा, हरभरा, घेवडा, वाल, पावटा, मेथी आणि टोमॅटो यांच्या फुलांत परागण बहुतांशी आतल्या आत होते. शेजारी दुसरे वाण असले तरी फारशी भेसळ होत नाही. नवशिक्यांनी यांच्यापासून सुरुवात करावी. तीन ते पाच चांगली झाडे पुरतात.

वांगी, मिरची आणि भेंडी मधल्या वर्गात येतात. त्यांच्या फुलांवर मधमाश्या येतात व थोडी भेसळ होते. तिखट मिरचीशेजारी भोपळी मिरची असेल तर बियांच्या मिरचीची एखादी फांदी कळ्या असतानाच पातळ मलमलच्या पिशवीत बांधावी. फळ धरले की पिशवी काढून तिथे दोरा बांधावा.

मुळा, गाजर आणि कोथिंबीर यांचे परागण कीटक करतात. पालकाचे परागण वाऱ्याने होते. यांची दोन-चारच झाडे ठेवून वर्षानुवर्षे बी धरले तर वाण कमजोर होत जाते. जमल्यास पंधरा-वीस झाडे एकत्र ठेवावीत. एवढी जागा नसेल तर दोन-तीन घरांनी एकेक भाजी वाटून घ्यावी. एकाने मुळा, दुसऱ्याने पालक.

कोबीच्या वाटेला जाऊ नये. त्याला फुलावर येण्यासाठी लागणारी दीर्घ थंडी आपल्याकडे मिळत नाही. त्याचे बी थंड, डोंगराळ भागात धरले जाते.

एकेका भाजीचे बी

वाल, पावटा, वाटाणा : शेंग वेलावरच वाळू द्यावी. हलवल्यावर दाणे खुळखुळले की तोडावी. सोलून सुपात पाखडावे आणि सुरकुतलेले, भोक पडलेले दाणे काढून टाकावेत.

मेथी : शेंगा पिवळ्या पडल्या की झाडे सकाळच्या दवात उपटावीत. दुपारी उपटली तर शेंगा तडकून बी वाफ्यातच सांडते. जुडी उलटी टांगून खाली कापड अंथरावे.

कोथिंबीर : धणे हिरवे जाऊन तपकिरी होऊ लागले की तुरे कापावेत. प्रत्येक धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरताना तो हलकेच रगडून दोन भाग करतात. साठवताना मात्र अख्खाच ठेवावा.

पालक : उंच दांडा येऊन त्यावर खडबडीत बोंडे धरतात. एका बोंडात एकाहून अधिक बिया असतात. त्यामुळे एका ठिकाणी दोन-तीन रोपे उगवली तर ती पातळ करावीत.

मुळा : चांगले मुळे उपटून पाहावेत. सरळ, पांढराशुभ्र, न फाटलेला मुळा निवडून त्याचा वरचा तिसरा हिस्सा पानांच्या थोड्या देठांसह पुन्हा लावावा. त्याला दांडा येतो व डिंगऱ्या लागतात. कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी करण्याचा मोह काही झाडांपुरता ठेवावा. चिंधी बांधलेल्या झाडांच्या डिंगऱ्या वाळेपर्यंत राहू द्याव्यात.

टोमॅटो : पूर्ण पिकलेले, किंचित मऊ झालेले फळ घ्यावे. गर बियांसकट वाटीत काढून थोडे पाणी घालावे आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवावे. ऊन तापले असेल तर दीड-दोन दिवस पुरतात. वर पांढुरका थर येतो, थोडा वास येतो, त्याला घाबरू नये. बियांभोवतीचा बुळबुळीत पापुद्रा उगवण रोखतो. तो या आंबण्याने सुटतो. मग भरपूर पाणी घालून ढवळावे. तरंगते ते टाकावे आणि तळाशी बसलेले बी धुऊन ताटलीत पसरावे. कागदावर वाळवले तर बी चिकटून बसते.

वांगी : खाण्याचे वांगे आणि बियांचे वांगे वेगळे. बियांचे वांगे झाडावरच पिवळे-तपकिरी व निबर होऊ द्यावे. मग चिरून पाण्यात कुस्करावे. जड बी खाली बसते.

मिरची : झाडावर लाल झालेली मिरची सावलीत वाळवून बी काढावे. हातमोजे घालावेत आणि तो हात डोळ्यांना लागू देऊ नये.

दुधी, दोडका, घोसाळे : हे पावसाळी वेल, पण त्यांचे टांगून ठेवलेले फळ फोडायची वेळ हीच. फळाची साल कडक होऊन आत बी खडखडले पाहिजे. घोसाळ्याची जाळी अंग घासायला ठेवावी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. जे फळ चवीला कडू निघाले, त्या वेलाचे बी ठेवू नये आणि ते फळ खाऊही नये. कडू दुधीतील विषारी द्रव्यांनी, विशेषतः त्याचा रस प्यायल्याने, गंभीर आजारी पडल्याची आणि माणसे दगावल्याचीही उदाहरणे आहेत. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून, कडू लागला तर थुंकून टाकावा.

हळद : हिचे बी म्हणजे कंदच. पौष-माघात पाने वाळली की खणावी. मधला जाड गड्डा लागवडीसाठी आणि बोटे घरात वापरण्यासाठी. लागवडीचे गड्डे सावलीत, कोरड्या वाळूत ठेवावेत.

वाळवणे व साठवण

बियांचा शत्रू ओल, दुसरा शत्रू उष्णता. हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की बियांतील ओल एक टक्क्याने कमी केली किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरवले, तर बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. माळव्याचा चैत्र इतका कोरडा असतो की ओल काढण्याचे निम्मे काम हवाच करते. तरीही भर दुपारच्या उन्हात गच्चीच्या फरशीवर बी टाकू नये. फरशी तापून बियांचा जीव जातो. सकाळचे ऊन दोन-तीन तास, मग सावलीत वारा, असे सहा-सात दिवस करावे. वाल-पावट्याचा दाणा दाताखाली दबला तर अजून ओल आहे. कडकन फुटला तर वाळला. भोपळ्याचे बी वाकवल्यावर मोडले पाहिजे.

कडधान्याच्या बियांत भुंगेरे हमखास पडतात, कारण त्यांची अंडी शेतातूनच आलेली असतात. जुना उपाय म्हणजे चाळलेल्या कोरड्या राखेत बी घोळून ठेवणे. पाडव्याला आणलेला कडुनिंबाचा डहाळा वाया न घालवता त्याची पाने सावलीत वाळवून डब्यात घालतात. आजचा उपाय म्हणजे पूर्ण वाळलेले बी हवाबंद डब्यात घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवणे. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर बियांवर पाणी धरते. ओलसर बी फ्रीझरमध्ये ठेवले तर मरते, हेही लक्षात ठेवावे.

नंतर कागदी पुडी, पुडी काचेच्या बरणीत आणि बरणी घरातल्या सर्वांत गार, अंधाऱ्या जागी. पुडीवर तीन गोष्टी लिहाव्यात : भाजीचे नाव, बी धरल्याचा महिना व साल, आणि बी मूळ कुणाच्या घरचे. तिसरी गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत, आणि पुढे विचारायला कुणी उरत नाही.

चांगले वाळवलेले बी साधारण किती टिकते? कांदा एक वर्ष. भेंडी, धणे दोन वर्षे. मिरची दोन-तीन वर्षे. वाल, पावटा, वाटाणा तीन वर्षे. टोमॅटो, वांगी, मुळा, दुधी-दोडका चार वर्षांपर्यंत. शंका असेल तर पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात, मोड आणतो तशा बांधाव्यात. आठ-दहा दिवसांत आठ उगवल्या तर उत्तम, पाच-सहा उगवल्या तर दाट पेरावे, दोन-तीनच उगवल्या तर कुणाकडे तरी मागावे. वांगी-मिरचीला चार-पाच दिवस जास्त द्यावेत.

पाला : इंदूरची स्वतःची रीत

आता उरला पाला. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ‘इंदूर पद्धत’ हा शब्द येतो. ते इंदूर आपलेच. १९२४ मध्ये इथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संशोधन संस्था सुरू झाली. तिचे प्रमुख अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांनी शेतातला टाकाऊ पाला, गोठ्यातले शेण व मूत्राने भिजलेली माती आणि राख यांपासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिच्यावरचे पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध झाले. गांधीजी १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आले असता हे काम पाहायला गेले होते. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. हॉवर्ड यांचे नाव सर्वांना माहीत असते. त्यांच्या बरोबरीने पुस्तकावर असलेले वाड हे नाव आपल्या मुलांनाही माहीत असावे.

घरच्या मापात ही रीत अशी बसते. सावलीत, निदान तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच उंच ढीग होईल एवढी जागा घ्यावी. याहून लहान ढीग नीट तापत नाही. खाली काड्या-काटक्यांचा थर द्यावा म्हणजे हवा खेळते. त्यावर अर्धा फूट वाळका पाला, मग तीन-चार बोटे हिरवा पाला व भाजीची देठे, त्यावर शेणाचे पाणी आणि चिमटी-चिमटीने माती व राख. असे थर चढवत जावे. वाळके हिरव्याच्या दुपटी-तिपटीने हवे. ओल किती? पिळून ठेवलेल्या फडक्याइतकी. उन्हाळ्यात ढीग लवकर सुकतो, म्हणून वर जुने गोणपाट टाकून ते ओले ठेवावे.

चार-पाच दिवसांनी मध्ये लोखंडी सळई खुपसून काढावी. ती हाताला चांगली गरम लागली की काम सुरू झाले. गार असेल तर शेणपाणी कमी पडले. कुबट वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी झाली. पहिली पालट सुमारे पंधरवड्याने, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. पालटताना बाहेरचे आत आणि आतले बाहेर करावे. पाडव्याच्या सुमारास रचलेला ढीग आषाढाच्या तोंडावर, म्हणजे पावसाळी वेल लावायच्या वेळी, काळा भुसभुशीत होऊन तयार असतो.

ढिगात काय घालू नये : रोगट झाडे, मुळांवर गाठी असलेली टोमॅटो-वांग्याची झाडे, हराळीच्या मुळ्या, लव्हाळ्याचे कंद आणि बी धरलेले गाजरगवत.

सदनिकेत राहणाऱ्यांनी तळाला व बाजूंना भोके पाडलेला जुना माठ किंवा बादली वापरावी. ती तापत नाही, त्यामुळे खताला चार-पाच महिने लागतात, पण खत होते.

मातीची उन्हाळी तयारी

ज्या वाफ्यात मर किंवा गाठींचा त्रास झाला, तो खणून, भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवावे. कडा मातीने बुजवून वैशाखाच्या उन्हात चार ते सहा आठवडे ठेवावे. काळे प्लास्टिक या कामी तितके उपयोगी नाही, कारण ऊन मातीपर्यंत पोचत नाही. बाकी वाफे वाळक्या पानांनी झाकावेत. उघड्या काळ्या मातीला पडणाऱ्या भेगांतून खोलवरची ओल निघून जाते.

कुंड्यांतली माती ताडपत्रीवर ओतावी, मुळ्या काढाव्यात व आठवडाभर ऊन द्यावे. वर पांढरी खपली असेल तर ती खरवडून टाकावी. ते पाण्यातले क्षार असतात. भरताना तिसरा हिस्सा नवे खत मिसळावे.

कढीपत्ता, गवती चहा, अळू आणि तुळस उन्हाळाभर राहणार. त्यांना दुपारची सावली आणि सकाळचे पाणी एवढे पुरे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्याही एका पुडीत ठेवाव्यात.

पाडव्याची पुडी

हंगामाचा शेवट आणि आपले नवे वर्ष एकाच सुमारास येतात. पाडव्याला एकमेकांकडे जाताना मिठाईच्या डब्याबरोबर घरच्या बियांची एक पुडी न्यावी. त्यावर भाजीचे नाव आणि घराचे नाव लिहिलेले असावे. जुनी घरे जाऊन इमारती होत आहेत, परस कमी होत आहेत आणि ज्यांच्या हातून हे बी आले ते हातही थकत आहेत. एकाच घरात ठेवलेले बी एका उन्हाळ्यात किंवा एका विसराळूपणात जाते. चार घरांत गेलेले बी परत मागता येते.